हळू असेल तो पुढं

“ज्याला सगळ्यात कमी जमतंय, तो माझ्या मागं,” फेस्तुस म्हणाला आणि त्यानं सरळ माझ्याकडे बोट केलं.

म्हणाला इंग्रजीत, पण बोटाला कुठली भाषा लागते? हेल्मेटच्या आत मी लालबुंद झाले. उभी हयात मी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, निम्म्या गावाचं बोलणं माझ्या हातातून गेलं. आणि इथं परमुलखात, तेही विहीणबाईंच्या देखत, हा माणूस मला ढ मुलीसारखं पहिल्या बाकावर बसवत होता.

त्याची तरी काय चूक? सपाट जागेवर त्यानं आम्हाला आधी दोन-चार फेऱ्या मारायला लावल्या होत्या. चार चाकांची ती मोटारसायकल, तिला क्वाड बाइक म्हणतात. उजव्या अंगठ्यानं एक खटका दाबला की ती पळते आणि सोडला की थांबते. एवढंच. पण मी खटका दाबला की गाडी उसळायची, उसळली की मी घाबरून सोडायची, आणि सोडला की मान पुढं आपटायची. फेस्तुस शांतपणे बघत होता. त्याच वेळी विहीणबाई मात्र मस्त गोल फिरून, हात बिलकूल न थरथरता, जिथून निघाल्या तिथंच येऊन थांबल्या. थांबणारच की! वाईजवळ त्यांची रोपांची नर्सरी आहे, आणि आंब्याची कलमं भरलेला टेम्पो त्या स्वतः पसरणीच्या घाटातून चालवतात. फेस्तुस त्यांना म्हणाला, “तुम्ही सगळ्यात शेवटी. शेवटी पक्का माणूस लागतो.”

आमच्या दोघींच्या मधे एक जर्मन नवरा-बायको होते, पेन्शनीतले. असे आम्ही चौघं, आणि पुढं फेस्तुस.

“नीट ऐका,” तो म्हणाला. “एकामागं एक चालायचं. माझ्या चाकाची खूण सोडायची नाही. हळू असेल तो पुढं, म्हणजे मी त्याच्या चालीनं चालेन आणि मागं कुणी राहणार नाही. आणि यदाकदाचित एकटे पडलातच, तर गाडीपाशी बसून राहायचं. शोधत फिरायचं नाही. मी येतो.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नामिबिया नावाचा देश आहे, तिथल्या स्वाकोपमुंड गावी माझी मृणाल तेव्हा नुकती स्थिरावत होती. विचित्र गाव. एका अंगाला थंडगार समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळूचे डोंगर, आणि सकाळचं धुकं असं की समोरचं माणूस दिसू नये. जावई, रणजितराव, शेजारच्या बंदरावर इंजिनिअर. मृणाल समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. आम्ही दोघी विहिणी एकाच विमानानं लेकरांकडे पाहुण्या गेलो होतो. विहीणबाईंचे यजमान नर्सरी सांभाळायला मागं राहिले, आणि माझे तर त्याआधीच देवाघरी गेलेले.

त्या सहलीची तिकिटं मृणालनं मुद्दाम काढली होती. आदल्या संध्याकाळी भाताचा कुकर लावता लावता मला म्हणाली, “आई, उद्या तुम्ही दोघीच जा. मी येत नाही. तिथं बोल त्यांच्याशी.”

“काय बोलू?”

“नाटक नको करू. सोमवारी रणजितला कंपनीला कळवायचंय, करार वाढवायचा की परत जायचं. त्याच्या आई आल्यापासून एकच धोशा लावून बसल्यात, बास झालं परदेश, परत या. शिरवळला ओळखीच्या कारखान्यात जागासुद्धा बघून ठेवलीय. आणि रणजित त्यांचा शब्द मोडायचा नाही.”

“मग तू बोल की.”

“मी बोलले तर सून उलटून बोलली. रणजित बोलला तर बायकोनं शिकवलं. राहिली कोण?”

“अगं, मी मुलीची आई! मी कुठल्या तोंडानं सांगू, तुमच्या मुलाला तुमच्याकडे बोलवू नका म्हणून?”

कुकरची शिट्टी झाली. मृणालनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “मग मी शिरवळच्या घरात बसून समुद्राचं पाणी तपासीन.”

बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. माझी लेक सहसा रडत नाही. तिचे वडील गेले तेव्हाही पाहुण्यांचा चहा हिनंच केला होता. मी म्हटलं, “बरं बाई, बोलते.”

म्हटलं खरं. पण आठवडा झाला होता, आणि विहीणबाईंपुढं माझ्या तोंडून “चहा टाकू का?” यापलीकडे काही बाहेर पडलं नव्हतं. लग्नात त्यांनी मानपानाचं एक अक्षर काढलं नाही, उलट मीच सगळं वाढवून वाढवून केलं. जेवायला बसताना आधी त्या, गाडीत पुढची सीट त्यांची, फोटोत मधे त्या. त्यांनी कधी मागितलं नाही, आणि मी कधी चुकवलं नाही. मुलीच्या आईची हाडंच तशी घडलेली असतात. आणि एक गोष्ट मला कळतच नव्हती. घरी थोरला मुलगा, सून, दोन नातवंडं, नर्सरीवर माणसांचा राबता. एवढं भरलेलं घर असताना या बाईला धाकट्याचा एवढा सोस कशासाठी?

तर आम्ही निघालो. फेस्तुस, मी, जर्मन, जर्मनीण आणि शेवटी विहीणबाई. पहिली टेकडी मी कशीबशी चढले. वर वारा असा झोंबरा की कंपनीनं दिलेली जाकिटं घालूनही हुडहुडी भरली. खाली समुद्र गुरगुरत होता, दिसत मात्र नव्हता. धुकं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललेलं. सगळ्यांनी फोटो काढले.

परत गाड्यांवर बसायची वेळ आली, आणि मला चैन पडेना. सारखं मनात येत होतं, मी पुढं आणि मुलाची आई सगळ्यांच्या मागं, आमच्या चाकांची वाळू खात! त्यातनं आज यांच्यापुढं पदर पसरायचा होता. मी गाडीवरून उतरून मागं गेले.

“विहीणबाई, तुम्ही पुढं व्हा.”

“का ओ?”

“असं बरं नाही दिसत. तुम्ही मागं आणि मी पुढं.”

“अवो, त्या गड्यानं सांगितलंय ना तसं?”

“त्याला काय कळतंय आपल्यातलं! व्हा बघू तुम्ही पुढं.”

“आणि इथं बघायला कोण हाय, विहीणबाई? उंट तरी हाय का?”

“मला बरं वाटेल हो.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, पण पुढून फेस्तुसनं हात वर केला, म्हणजे निघायचं. “तुमच्या मनाला बरं वाटतंय तर जाते बाई,” असं म्हणून त्या गाडी घेऊन पुढं गेल्या आणि माझ्या जागेवर जाऊन लागल्या. मी मानानं सगळ्यांच्या शेवटी उभी राहिले. मनाला खरोखरच बरं वाटलं. अक्कल गहाण पडली की असंच बरं वाटतं.

कारण झालं काय, की हेल्मेटं सगळ्यांची पांढरी, जाकिटं सगळ्यांची खाकी, आणि आम्ही दोघी मृणालच्याच काळ्या पँटी घालून आलेलो. फेस्तुसनं मागं वळून बघितलं, तर त्याला ती ढ बाई बरोबर पाठीमागं दिसली. थोडा वेग वाढवला, तर बाई चिकटून येतेय. अजून वाढवला, तरी येतेय! त्याला वाटलं असेल, वा, शिकली बाई! आणि माझ्या पुढचे जर्मन कशाला मागं बघतील? मागं तर पक्का माणूस होता ना!

मी मात्र दुसऱ्या टेकडीच्या उतारावरच ढेपाळले. मऊ वाळूत घाबरून खटका सोडला, गाडी कलली, चाकं निम्मी आत रुतली आणि इंजिन बंद पडलं. पुढच्या जर्मनिणीची पाठ धुक्यात फिकट फिकट होत गेली आणि विरली. मी ओरडले, “ओ! थांबा! स्टॉप!” हेल्मेटमधून ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. गाड्यांचा आवाज टेकडीपलीकडे गेला आणि मग फक्त वारा राहिला.

बटण दाबून बघितलं. घुर्र करून गप्प. खाली उतरून ढकलायला गेले तर गुडघ्यापर्यंत वाळूत. शोधत फिरायचं नाही, हे लक्षात होतं. तेवढं एक ऐकलं त्याचं. हेल्मेट काढून गाडीला टेकून बसले.

खोटं कशाला सांगू, भयंकर भीती वाटली. चारी बाजूंना नुसतं पांढरं, झाड नाही, पाखरू नाही. चाकांच्या खुणांवर वारा वाळू पसरत होता. त्या बुजल्या तर फेस्तुस कशाच्या मागानं येणार? आणि त्या भीतीतसुद्धा डोक्यात काय, तर सोमवार! आता ही सहल अशीच संपणार, आज बोलले नाही तर लेक जन्मभर बोल लावणार नाही, पण विसरणारही नाही. कुठून तरी इंजिनाचा आवाज आला. मी उठून उभी राहिले. आवाज जवळ आला आणि बंद पडला. गेला वाटतं, म्हणून परत मटकन खाली बसले. मग मनाचा बांध फुटला म्हणा की काय म्हणा, मी त्या वाळूच्या ढिगालाच विहीणबाई समजून मोठमोठ्यानं बोलायला लागले.

“विहीणबाई, मला तुमच्याशी बोलायचंय. तुमचा मुलगा आहे, तुमचा हक्क आहे, मला मान्य आहे. पण पोरीचं तिथं काय होणार ते बघा. गुडघ्याएवढे बूट घालून समुद्रात उतरते, होडीवाल्यांवर ओरडते, बाटल्या भरते. परवा मी गुपचूप उभी राहून बघितलं. अशी खदखदून हसत होती. माहेरी नाही, सासरी नाही, अशी हसलेली मी तिला कुठंच बघितली नव्हती. विहीणबाई, एवढं एकदा माझं—”

“बोला की. थांबलात का?”

मी दचकून वळले. विहीणबाई! गाडी खाली ठेवून, चाकांच्या खुणा बघत, धापा टाकत उतार चढून आलेल्या. केस सगळे विस्कटलेले, भुवयांवर वाळू.

“तुम्ही? आणि फेस्तुस?”

“येतोय मागनं. वळणावर मागं बघितलं, जर्मनीण दिसली, तुमी न्हाई. त्याला हात केला आणि तशीच फिरले. ओरडत होता काहीतरी. ओरडू दे. तुमाला लागलं न्हाई ना कुठं?”

“नाही.”

“मग झालं.” त्या माझ्याशेजारी वाळूत फतकल मारून बसल्या. पायातले बूट काढून झटकले. “आता बोला. पोरांनी परत येऊ नये, असंच म्हणत होता ना?”

वाळूला सांगून झालेलं माणसाला सांगायला काय हरकत? म्हटलं, “हो. नका बोलावू त्यांना. हात जोडते.”

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. “आवं, मग मी आठ दिस कुणासाठी घसा फोडतीय?”

“म्हणजे?”

“मला काय करायचाय ओ रणजित? माझं घर माणसांनी वाहतंय. पोराबाळांचा पसारा हाय. मी तुमच्यासाठी म्हणत होते.”

मला काही उमजेना.

“दर सणाला फोन केला की तुमी काय म्हणता? बरंय, चाललंय, पोरगी तेवढी लांब पडली. दर वेळी. आणि लगेच विषय बदलता, भाजी कुठली केली विचारता. मला काय कळत न्हाई व्हय? मुलीच्या आईनं ‘लेकीला पाठवा’ म्हणायची रीत न्हाई. मुलाच्या आईनं म्हणायची हाय. म्हणून मी म्हणत होते. वाईटपणा माझ्या माथी, लेक तुमच्या जवळ. सातारा-शिरवळ असं लांब तरी किती?”

त्या बुटातली वाळू काढत राहिल्या.

“माझी आई,” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मला कधी ‘ये’ म्हणाली न्हाई. सासरच्यांना विचारायचं कसं, म्हणून. मला वाटायचं, हिला काय आपली आठवण येत न्हाई. ती गेल्यावर चुलती म्हणाली, वाईची एसटी यायची वेळ झाली की तुझी आय कामधाम टाकून ओट्यावर बसायची. सगळी उतरली की उठून आत जायची.” त्यांनी बूट पायात चढवले. “तवापासनं ठरवलेलं, आपल्या सुनेच्या आईला असं बसवायचं न्हाई.”

विहीणबाईंचा मला एवढा राग आला, एवढी माया आली, काय सांगू! आठवडाभर जिला मी मनातल्या मनात हेकट म्हणत होते, ती माझीच वकिली करत होती. तीही मी न मागितलेली.

“खरं सांगा आता,” त्या म्हणाल्या. “मानपान बाजूला ठेवा. इथं उंटसुद्धा न्हाई. तुमाला पोरगी जवळ नको?”

या प्रश्नाला तयार नव्हते मी. आजवर कुणी विचारलाच नव्हता. मृणालनंही नाही, तिनं तर मलाच वकील करून पाठवलं होतं. मी तोंड उघडलं आणि आधी हुंदका बाहेर आला.

“हवीय हो,” मी म्हटलं. “रोज हवीय. संध्याकाळी दिवा लावला की हवीय. एकटीला दोन वाट्या भात करताना हवीय. टीव्ही चालू ठेवून झोपते मी, घरात आवाज पाहिजे म्हणून. हवीय, विहीणबाई.”

विहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वाळूनं खरखरीत, जड हात.

“पण नका बोलावू,” मी म्हटलं. “माझ्यासाठी आलेली लेक मला तशी हसताना दिसायची नाही.”

त्या म्हणाल्या, “बरं.” एवढंच. आणि पदर नव्हता, म्हणून जाकिटाच्या बाहीनं त्यांनी आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

खालून इंजिनं आली. फेस्तुस चढून वर आला तो तापलेलाच. “मी तुम्हाला माझ्या मागं ठेवलं होतं! कुणी बदललं?”

मी मान खाली घातली. “मी. आमच्याकडे मुलाची आई पुढं असते.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं. आम्हा दोघींची रडून धुतलेली तोंडं बघून त्याचा राग अर्धा उतरला असावा. “मीमे,” तो म्हणाला. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला असं म्हणतात. “तुमच्या घरी असेल. वाळूत ही पुढं.” बोट परत माझ्याकडे.

विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण बोटाची भाषा येत होती. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. फेस्तुसनं आणि जर्मनानं माझी गाडी ओढून काढली. सगळे परत पहिल्यासारखे रांगेत लागले. फेस्तुस, मी, ती दोघं, आणि विहीणबाई शेवटी.

“जावा पुढं,” मागून त्यांनी मोठ्यानं आवाज दिला. “पडलात तर पडा. मी हाय मागं.”

परतीच्या वाटेवर मी एकदाही घाबरून खटका सोडला नाही. फार हळू चालवली. सगळी वरात माझ्या चालीनं येत होती, आणि मला तिची लाज वाटली नाही.

रात्री जेवताना विहीणबाईंनी ताटावरूनच जाहीर केलं, “रणज्या, करार वाढव.”

रणजितरावांचा घास हातातच राहिला. “आई, पण तूच तर—”

“मीच म्हणाले, आणि मीच म्हणतीय. फक्त दर वर्षी सुनेला महिनाभर साताऱ्याला धाडायचं. तिच्या आईकडं. माझ्याकडं एक दिवस आली तरी बास. कबूल?”

“कबूल.”

मी वाढायला उठणार, तोच त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. “जेवा ओ. आपापलं घेतील.”

नंतर भांडी विसळताना मृणालनं मला मागून मिठी मारली. “आई! काय जादू केलीस? काय बोललीस त्यांना?”

“तुझंच बोलले.”

“आणि त्या लगेच ऐकल्या?”

“ऐकल्या. चांगलं ऐकू येतं त्यांना.”

तिला त्याहून जास्त मी सांगितलं नाही. ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून हसत होती. तेच, समुद्रावरचं हसणं. मी नळ सोडून उगाच धुतलेलं पातेलं परत धुवत राहिले.

मृणाल अजून तिथंच आहे. दर मे महिन्यात येते, महिनाभर माझ्याकडे राहते. विहीणबाईंचे दोन्ही गुडघे आता बदललेले, काठी घेऊन चालतात. परवा त्यांच्या थोरल्या नातवाचं लग्न होतं वाईला. कार्यालयाच्या पायऱ्यांशी आम्ही दोघी एकदमच पोचलो. मी थांबले, त्यांना पुढं घातलं आणि त्यांच्या चालीनं, एक एक पायरी, मागून चढले. मागं पाहुण्यांची ही गर्दी तुंबली.

पाहुण्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, “बघा, नातवाचं लग्न झालं तरी मुलाच्या आईचा मान सोडत नाहीत.”

विहीणबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “चला पुढं. मी आहे मागं.”